अठ्ठ्याण्णव किलोंचा माणूस

(इस्पितळातली खोली, दुपारचे चार. खाटेवर टेलर मास्तर, स्टुलावर त्यांची बायको, समोर फाइल घेऊन सर्जन बाई.)

मास्तर : तक्रार म्हणून नाही सांगत, डॉक्टर, पण तुमच्या ऍप्रनचा डावा खांदा उतरलाय. ज्यानं शिवला त्यानं तुम्हाला पाहिलेलंच नाही.

डॉक्टर : खरंय. गठ्ठ्यानं येतात. पण मास्तर, तुमच्या फाइलचंही तसंच झालंय. ज्यानं वजन लिहिलं त्यानं तुम्हाला पाहिलेलंच नाही.

मास्तर : का? काय लिहिलंय?

डॉक्टर : अठ्ठ्याण्णव.

बायको : अगंबाई!

मास्तर : तू गप्प बस.

बायको : मी कुठं काय बोलले? आता अगंबाई म्हणायचीही चोरी?

डॉक्टर : भूल देणारे डॉक्टर मघाशी येऊन गेले ना? खाली येऊन मला विचारतात, त्या खाटेवर पेशंटबरोबर आणखी कोण झोपलंय?

मास्तर : रीतसर काट्यावर उभा राहिलो होतो. नर्सबाईंच्या देखत.

डॉक्टर : हात कुठं होता?

मास्तर : कुणाचा?

डॉक्टर : तुमचा.

मास्तर : काउंटरवर. तोल जाऊ नये म्हणून.

डॉक्टर : बराच जड होता तोल.

बायको : धंद्याची सवय हो, डॉक्टर. चाळीस वर्षं हेच. गिऱ्हाइकाच्या पोटाला टेप लावायची, मोठ्यानं म्हणायचं अडतीस, आणि वहीत लिहायचं बेचाळीस. गिऱ्हाईकही खूश, पँटही बसते.

मास्तर : मग? कापड कापताना मी कधी खोटं बोललेलो नाही.

डॉक्टर : इथं कापणार मी आहे. मला वहीतला आकडा द्या.

मास्तर : एकशे एकतीस.

बायको : हं.

मास्तर : सकाळी. उपाशीपोटी.

डॉक्टर : लपवलंत कशाला पण?

मास्तर : मागच्या इस्पितळात एक साहेब होते. सोनोग्राफी बघितली, मला बघितलं, आणि म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, काढायला हवं. पण आधी शंभराच्या आत या, मग बोलू. आलो घरी. वर्षभरात चार किलो वाढले. आणि ते दुखणं! बरगडीखालून जे उठतं ते थेट पाठीत. एकदा तर एका नवरदेवाच्या कोटाची बाही कापत होतो. हातातली कात्री गळून पडली, डॉक्टर. चाळीस वर्षांत कधी पडली नव्हती. म्हटलं, शंभराच्या आत जाणं काही आपल्याच्यानं होत नाही, निदान कागद तरी आत जाऊ दे.

डॉक्टर : वजनासाठी मी कुणाला परत पाठवत नाही. जाड माणसाचंही दुर्बिणीनं होतं. फक्त तयारी वेगळी लागते. भुलीचा हिशेब वेगळा, नळ्या लांब. शिवाय टेबल तिरकं करतो आम्ही, डोक्याकडून वर. म्हणजे आतडी खाली सरकतात आणि मला जागा मिळते. तेव्हा माणूस घसरू नये म्हणून पट्टे, पायाशी फळी. हे सगळं अठ्ठ्याण्णवच्या बेतानं केलं असतं तर?

मास्तर : मी तुमच्या अंगावर आलो असतो.

बायको : माझा तीस वर्षांचा अनुभव आहे, फार काही होत नाही.

मास्तर : बरं, मला सांगा, भोकं किती?

डॉक्टर : चार. जरूर पडली तर पाचवं.

मास्तर : काजाएवढी?

डॉक्टर : दोन शर्टाच्या काजाएवढी, दोन त्याहून लहान. आधी पोटात हवा भरायची, म्हणजे तंबूसारखं वर उचललं जातं. मग एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. पित्ताशय सोडवायचं, आतच एका पिशवीत घालायचं, तोंड बांधायचं आणि बेंबीजवळच्या भोकातून ओढून काढायचं.

मास्तर : पिशवी आत नेता? वा! आणि कॅमेऱ्याचं भोक कुठं?

डॉक्टर : एरवी बेंबीशीच...

मास्तर : थांबा. बेंबीवर विसंबू नका हं. राग मानू नका, तुम्ही शिकलेल्या आहात. पण जाड माणसाची बेंबी जागेवर नसते. पोटाबरोबर खाली उतरते. तिच्यावरून माप धरलं की शर्ट पुढून वर चढतो. मी सुरुवातीला तीन शर्ट असेच वाया घालवलेत.

डॉक्टर : आणि मी सुरुवातीला एका ऑपरेशनमध्ये तासभर घाम गाळलाय. कॅमेरा बेंबीशी घातला आणि पित्ताशय लांब कुठंतरी गावाबाहेर. तेव्हापासून जाड पेशंटचं माप मी वरून घेते, छातीच्या हाडापासून. भोक बेंबीच्या वरच पाडते.

मास्तर : मीही वरूनच घेतो! ऐकलंस का? मीही वरूनच घेतो!

बायको : ऐकलं. आता तुम्हीच एकमेकांचं ऑपरेशन करा, मी घरी जाते.

डॉक्टर : काकू, तुम्ही थांबा. तुमच्याशीच काम आहे. सकाळची सोनोग्राफी बघितली मी. लिव्हर होतं तसंच आहे, फुगलेलं. पित्ताशय त्याच्याच खाली चिकटून असतं. लिव्हर उचललं तर मला दिसणार. म्हणून तर दोन आठवड्यांचं पथ्य दिलं होतं, साखर-चरबी बंद, मोजकं खाणं. त्यानं ते आक्रसतं, मऊ पडतं. पाळलं होतं ना?

मास्तर : डॉक्टर, वजनाचं खोटं बोललो, कबूल. पण पथ्य अक्षरशः पाळलंय. हिनं दिलं तेवढंच सूप, तेही दोन वेळा. दुकानात बिस्किटाचा पुडा समोर होता, बोट लावलं नाही. विचारा हिला.

डॉक्टर : काकू?

बायको : पाळलं ह्यांनी.

डॉक्टर : ह्यांनी पाळलं. आणि तुम्ही?

बायको : मी काय, भाज्या उकडायच्या, गाळायच्या...

डॉक्टर : आणि?

बायको : थोडी साय.

मास्तर : काय?

बायको : थोडीच हो! दोन चमचे. बरं, चार. आणि वरून लोण्याचा तुकडा. अहो, तुम्ही त्या वाटीकडे बघायचात कसे! आणि संपल्यावर वाटी उजेडात धरायचात. मला घास गिळवेना.

मास्तर : तरीच! मी शेजाऱ्यांना सांगत सुटलो, उपाशी राहण्याची एक वेगळीच चव असते म्हणून.

डॉक्टर : ह्या दोन आठवड्यांत दुखलं का पुन्हा?

मास्तर : दोनदा. बारीकसं.

बायको : बारीकसं कसलं? भिंतीला डोकं लावून उभे होते. मी पाठीला शेक देत होते. डॉक्टर, सायीनं दुखलं असेल का?

डॉक्टर : चरबी पोटात गेली की पित्ताशय आवळतं, काकू. आत खडे असले की...

बायको : म्हणजे शेकही मीच देत होते आणि...

मास्तर : पुरे. खडे काही तू घातले नव्हतेस. डॉक्टर, उद्याचं काय ते बोला.

डॉक्टर : तुम्ही ठरवा. उद्या करू शकते. पण एवढं लिव्हर आडवं आलं तर मध्येच दुर्बीण बाजूला ठेवून बरगडीखाली मोठा छेद घ्यावा लागू शकतो. वीतभर. नाहीतर दोन आठवडे थांबायचं, खरंखुरं पथ्य करायचं. तरी खात्री देत नाही, पण शक्यता पुष्कळ कमी होते. आत्ता ताप नाही, रक्त ठीक आहे, म्हणून थांबता येईल. मात्र ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा दुखणं थांबेना, तर तसेच उठून यायचं.

मास्तर : वीतभर छेदानं कापायच्या टेबलाशी कधी वाकता येईल?

डॉक्टर : दीड-दोन महिने तरी नाही. दुर्बिणीनं झालं तर दोन-तीन आठवड्यांत.

बायको : उद्याच करा, डॉक्टर. हे आता पुन्हा उपाशी नाही राहायचे.

मास्तर : कोण म्हणतं? मी पहिल्यांदाही राहिलो होतो की! मला ठाऊकच नव्हतं मी जेवतोय म्हणून.

डॉक्टर : मग?

मास्तर : घाईत कापलेलं मला बघवत नाही. दोन आठवड्यांनी येतो.

डॉक्टर : ठीक. फाइलवर वजन मी दुरुस्त करते. पथ्याचा कागद नर्स देईल. दोघांनी वाचा.

मास्तर : या, डॉक्टर. आणि खांदा बघतो हं मी, आलो की.

बायको : गेल्या. बोला आता काय बोलायचं ते. केव्हाचे तोंड दाबून बसलाय.

मास्तर : काही नाही. तू त्या दिवसांत काय जेवायचीस गं?

बायको : नेहमीचंच. तुम्ही दुकानात गेल्यावर, ओट्याशी उभी राहून. तुमच्यासमोर कसं जेवणार?

मास्तर : म्हणजे मी एकीकडे उपाशी, तू एकीकडे चोरून. ह्या खेपेला सूप मी करतो.

बायको : तुम्ही? तुम्हाला पाणी तरी उकळता येतं का?

मास्तर : कागद आहे ना. दोन वाट्या करीन. एक तुझी.

बायको : मला कुठं खडे झालेत?

मास्तर : नसू देत. समोर बस फक्त.

बायको : आणि मला भूक लागली म्हणजे?

मास्तर : मला सांगायचं.

बायको : सांगेन. पण चिडून सांगेन, आत्ताच सांगून ठेवते.