एकाच पाण्यातलं बियाणं

धुळाजीचंच चुकलं साहेब — मी कावून खोटं बोलू? तुमी गेवराईहून एवढ्या उन्हाचं पाहणीला आलात, त्याचं तुरीचं रोप उपटून आणलं, बरं केलं. बघा मुळी — कोरी. एक गाठ न्हाई, म्हून तर पान पिवळं. हे काळं जिवाणूखत मुळीवर गाठी धरतं, झाड त्याला खाऊ घालतं, ते झाडाला हवेतलं नत्र वढून देतं — दोघांचं एकमेकावर चालतं. ह्यानं बी उन्हात वाळवलं असंल, मेले जिवाणू. तसंच लिव्हा. संध्याकाळी सोसायटीच्या बैठकीत बियाणे प्लॉटाच्या यादीतून धुळाजीचं नाव कटणार हाय, कायमचं. बसलाय बघा लिंबाखाली सकाळपासून, चहाबी घेतला न्हाई. बसू द्या.

हे दुसरं रोप? बांधापल्याडचं. माझं हाय. माती तीच, पाऊसबी त्याच दोन सरी. गाठ फोडा नखानं — गुलाबी निघाली ना? म्हंजे जित्ती हाय. वीस वर्सं सोसायटीचं गोडाऊन सांभाळतो साहेब, उगं न्हाई. आधी बुरशीचं लाल औषध चोळायचं. सावलीत वाळू द्यायचं. मग गुळाच्या गार पाण्यात काळं कालवून वरून लावायचं. लाल-काळं एका पाण्यात आलं की संपलं — लाल ते विषच, त्याला बुरशी काय अन् जिवाणू काय. आमच्या मालकिणीनं, सिंधुबाईनं, परातीत दोनदा वेगवेगळं लावलं, घरात प्यायला पाणी न्हाई तरी.

सोसायटीत? सोसायटीत कुठलं दोनदा. टँकर आठ दिसाला, पाणी एक पिंप, अन् बी बावीस जणांचं. पेरणीची घाई, वाळवत कोण बसंल — कालवलं एकातच. मीच कालवलं, दुसरं कोण हाय इथं —

थांबलात कावून? न्हाई, हे न्हाई लिव्हायचं. बाकीच्यांच्या मुळ्या अजून कुणी उपटून बघितल्या न्हाईत. पाणीच नव्हतं साहेब. घरचं वेगळं कावून लावलं ते इचारू नका. धुळाजीनं इचारलं व्हतं त्या दिवशी, पिपाजवळ उभा ऱ्हाऊन — रामहरीदादा, लाल-काळं एकत्र चालतं का? मी म्हणलो, तुला लई कळतं का बे. चारचौघात म्हणलो. पोतं उचललं अन् गेला पेरायला.

उठला बघा. इकडंच येतोय.

जावा साहेब तुमी. ती दोन्ही रोपं घेऊन जावा, त्याला दावू नका. अन् त्याला सांगा — गोडाऊन बंद झालं.