चालू द्या, बाई

अरे, चहा ओतताना "चालू द्या" म्हणू नको, मले आमचा बापूभाऊ आठवते. सन पन्नासच्या पुढची गोष्ट. सिरोंचाले लग्नाले गेलो होतो, दुसऱ्या दिवशी बैलांची दमणी जुंपून गोदावरीकाठचा द्राक्षाचा मळा पाहाले निघालो. तवा आपल्याकडं द्राक्षं आजाऱ्याच्या उशाशीच दिसत.

मळेवाल्याची बायको राजक्का, तिले तेलुगूच समजे. ती पळसाच्या पानावर द्राक्षं वाढून राह्यली होती. बापूभाऊ खुशीत म्हणे, "चालू द्या, बाई, चालू द्या." तिनं चार मण्यांवरच हात आवरला. आम्हाले मात्र घोसच्या घोस.

बापूभाऊचं तोंड उतरलं. "माह्यावरच राग काऊन, बाई?"

मळेवाला हसला. "भाऊ, तेलुगूत चालु म्हणजे पुरे." मग त्यानं बायकोले आमच्या बोलीत 'चालू' म्हणजे काय ते समजावलं.

पाहुणा उपाशी राह्यला म्हणून बिचारी कळवळली. डोहाळे लागलेल्या लेकीसाठी राखलेली टोपलीच तिनं आतून आणली अन् बापूभाऊपुढं बसली.

ती द्राक्षं आंबटढाण. बापूभाऊ तिच्या तोंडाकडं पाहून मुकाट्यानं गिळत राह्यला. डोळ्यांत पाणी आलं तवा त्याले नवं शिकलेलं तेलुगू आठवलं. "चालु, अक्का, चालु."

राजक्काचा चेहरा खुलला. तिनं उरलेली टोपली त्याच्या पानावर उपडी केली.