पुढची सीट

वीरधवल : ते ऱ्हाऊ दे. मला एवढंच सांग, बोलायला तुला कुणी शिकवलं?

संयोगिता : आवं, कोण शिकवणार? आमचा कुणी सदस्य फुटू नये म्हणून अख्खा गट महाबळेश्वरात हाटेलात कोंडलेला. मोबाईल पयल्याच दिवशी काढून घेतलेले. साहेबांनी एकेकीला बोलवून इचारलं, झेडपीची अध्यक्ष झालीस तर पयलं काय करशील?

वीरधवल : मग?

संयोगिता : तुमाला फोन करून इचारता येईना. मीच बोलले.

मुजीब : वहिनी, लय भारी बोललात म्हणं! थितला वेटर आमच्या भनीच्या, अर्फाच्या सासरचा हाय, त्यो सांगत हुता, कोयनाकाठच्या शाळांची छपरं गळत्यात, उपकेंद्रात नर्स न्हाई, बाळंतिणीला होडीतनं आणावं लागतंय, सगळं धडाधडा सांगितलंत, आन् साहेबांचा चा गार झाला तरी ते आपलं ऐकत्यात, आन् मग—

वीरधवल : मुजीब, म्होरं बघ. वळणं हायती. डायव्हर हायस तू, बातम्या सांगायला ठेवलं न्हाई तुला.

मुजीब : म्होरंच बघतोय दादा.

वीरधवल : छपरं आन् नर्स! अध्यक्षाला तेवढंच काम असतंय व्हय? बदल्या असत्यात, बजेट असतंय, ठेकेदार असत्यात. सभागृहात सगळी अंगावर येत्यात. रडशील थितं.

संयोगिता : रडले तर रडले. रुमाल घिऊन जाईन.

वीरधवल : मिसरूड फुटल्यापासनं ह्या खुर्चीसाठी राबतोय मी. सतरंज्या उचलल्या, लगनं केली, मयती केल्या. आन् ऐन येळंला आरक्षण पडलं बाईचं. पडू दे म्हणलं, बाई माझीच हाय. ती बसंल, मी बोलंन. आसं ठरलं हुतं का न्हाई?

संयोगिता : तुमी ठरिवलं हुतं.

वीरधवल : आन् चौकातला फ्लेक्स? तुझा फोटो दारायेवढा, माझा वाटाण्यायेवढा! त्यो बी अर्धा कापलेला.

मुजीब : कापलेला न्हाई दादा, मधी लाईटचा खांब येतोय.

वीरधवल : तुला इचारलं?

संयोगिता : मुजीब, मेढ्याचा फाटा मागं गेला न्हवं?

मुजीब : ते... दादांनी...

संयोगिता : ह्यो तापोळ्याचा रस्ता हाय. म्होरं धरणाचं पाणी लागतंय. आमाला साताऱ्याला जायचंय. साहेबांना तर म्हणालात, बसनं नको, मी माझ्या गाडीतनं आणतो.

वीरधवल : जाऊ की. दुपारनं जाऊ.

संयोगिता : अध्यक्षाचा अर्ज सकाळीच भरायचाय.

वीरधवल : ठाव हाय मला. घाटात गाडी बंद पडली म्हणायचं. कुणाची बी पडती.

मुजीब : दादा, गाडीला बोल लावू नका हां! परवाच सर्व्हिसिंग केलंय. आन् वहिनी, आईशप्पत, मला नुसतं म्हणलं, डावीकडं घे. मला वाटलं नवरा-बायको फिरायला चालल्यात, चार दिसांनी भेटल्यात, आपण कशाला मधी—

वीरधवल : गप रं!

(एका वळणावर हॉर्न वाजतो.)

संयोगिता : बरं. चला तापोळ्याला. स्ट्रॉबेरी खाऊ, होडीत बसू. तुमचा फोटो काढते. मोठा.

वीरधवल : रागावली न्हाईस?

संयोगिता : कशाला? आपल्या गटातनं माझं एकटीचंच नाव दिलंय. मी न्हाई पोचले तर समोरची बिनविरोध. अंजना काय वाईट बाई न्हाई.

वीरधवल : कोण अंजना?

संयोगिता : भाऊसोंची.

वीरधवल : आपल्या गल्लीतल्या भाऊसोची? आगं, समोरच्यांचं दगडाबाईचं नाव ठरलं हुतं!

संयोगिता : रातीत बदललं. मगाशी बसपाशी साहेब सांगत हुते की. तुमचं ध्यान कुठं हुतं? माझ्याकडं डोळं वटारून बघत हुता.

वीरधवल : भाऊसो...

संयोगिता : त्यांच्या दारात गाडी वळायला जागा न्हाई. म्हंजी झेडपीची गाडी रोज आपल्याच दारात मागं-म्होरं व्हनार. भाऊसो पुढच्या सीटवर.

वीरधवल : काच खाली करून बसंल त्यो.

संयोगिता : तुमाला हात बी करतील.

वीरधवल : करंलच! शाळंत माझ्यापरीस एक मार्क जादा पडला तवा म्हैनाभर हात करत हुता मला.

मुजीब : आन् गुलाल, दादा! मिरवणूक आपल्याच दारावरनं जाणार, डीजे लावून, आन् भाऊसो काय हात आखडता घेणारा गडी न्हाई, उंबऱ्यावर असा थर बसंल गुलालाचा, अंगण झाडाय—

वीरधवल : मुजीब.

मुजीब : जी.

वीरधवल : गाडी वळव.

मुजीब : हितं? खाली दरी हाय दादा!

वीरधवल : दरी हाय तर दरी बघून वळव!

मुजीब : घेतो... आजून जरा... या अल्ला... वळली! वहिनी, काय काळजी करू नका, येळ हाय आजून, मेढ्यातनं असं सुसाट घेतो—

वीरधवल : सुसाट नको. पोचली पायजे ती. आन् आयकलंस का गं? केबिनीत मला एक खुर्ची पायजे.

संयोगिता : भेटायला येणाऱ्यांना बाहेर बाकडं हाय.

वीरधवल : बाकडं? मला?

संयोगिता : चा मिळतो थितं. मुजीब, जरा कडंला घे.

मुजीब : मळमळतंय व्हय वहिनी?

संयोगिता : न्हाई. आवं, उतरा. मी पुढं बसते.

वीरधवल : पुढं? पुढं तर मी बसतो. गाडी घेतल्यापासनं मीच बसतोय.

संयोगिता : व्हय. म्हणून तर रस्ता बदललेला मला उशिरा दिसला.

मुजीब : ...दादा, मागचं दार नीट लागलं न्हाई. परत लावा.