नवरीमागचा लाल गोळा

जबाब

नाव: साधना श्रीहरी निकुरे, वय २७ वर्षे, धंदा: शिवणकाम आणि फोटो काढणे (दुसरा धंदा लिहायचा नव्हता, लिहा म्हटलं म्हणून लिहिला), रा. मौजा कोसंबटोला, जि. चंद्रपूर.

मी वरील ठिकाणी नवरा व सासूसह राहते. आज पोलीस ठाण्यात स्वतःहून हजर झाले आहे. मला कोणी बोलावलं नव्हतं, उलट दोनदा घरी जा म्हणून सांगण्यात आलं. हवालदारसाहेब म्हणाले, शुद्ध भाषेत सांगा. मी म्हटलं, लिहून तुम्ही राह्यले, शुद्ध तुम्हीच करा. तरी समक्ष सांगते की, आमच्या शेजारचे बिरजू मडावी यांना बोकडचोरीच्या संशयावरून कालपासून इथं बाकावर बसवून ठेवलं आहे. पुरावा म्हणून जो फोटो दाखवतात तो मी काढलेला आहे. चोरीचा गुन्हा लागला तर उन्हाळ्यात जंगलात वणव्यावर लक्ष ठेवण्याचं जे काम त्यांना मिळालं आहे ते जाईल, आणि वर्षभर त्यांचं आणि त्यांच्या बायकोचं, नीलाबाईंचं, घर त्याच कामाच्या भरवशावर असतं. म्हणून मी आले.

लेन्सविषयी विचारलं असता सांगते की, माझा कॅमेरा शिकाऊ लोकांचा आहे. त्याच्यासोबत आलेल्या लेन्सनं घरातले फोटो चुलीतल्या धुरात काढल्यासारखे यायचे. चंद्रपूरला जिशानभाऊचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. ते म्हणाले, "बाई, पन्नासचा प्राईम घ्या. खिशाला झेपेल असा हाच एक." त्यात झूम नाही. माणूस मोठा दिसायला हवा तर चालत जवळ जायचं, सगळे मावायला हवे तर चालत मागे यायचं. लेन्सवर १.८ असा आकडा आहे. आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. मग उजेड भरपूर येतो, पण ज्याच्यावर नेम धरला तेवढंच साफ दिसतं, मागचं सगळं विरघळतं. आकडा वाढवता येतो हे मला ठाऊक होतं. पण एवढ्या हौसेनं घेतलेला १.८ मी कशाला हलवते? पहिल्याच दिवशी सासूबाईंचा फोटो काढला. कान साफ आला, नाक गेलं. त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एकंदरीत लेन्स फायद्याचा आहे.

गेल्या रविवारी आमच्या गावचे हेमराजभाऊ यांच्या मुलीचं, दीपिकाचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. पाहुणे वरोऱ्याचे होते. हेमराजभाऊ गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष आहेत. ते अध्यक्ष झाल्यापासून गावात त्यांच्याशिवाय कोणी तंटा केलेला नाही. मुलीचं जमावं म्हणून त्यांनी देवाला बोकड बोलला होता. आमच्याकडे नवसाचा बोकड मोकळा सोडतात, त्याला कोणी हाकलत नाही. सदर बोकडाला हे बरोबर समजलेलं होतं. त्यानं बिरजूभाऊच्या वाडीतला कोहळ्याचा सगळा वेल देवाच्या नावानं खाल्ला. तेव्हा बिरजूभाऊ चारचौघांत बोलले, "एक दिवस याचा रस्साच करतो." हे ते बोलले, मी ऐकलं, खोटं कशाला सांगू? माझा वेल असता तर मी देवालाही दोन शब्द ऐकवले असते.

साक्षगंधाच्या दिवशी ऊन नवरीच्या पाठीमागून येत होतं, चेहरा काळा पडत होता. समोरून उजेड पाडायला मी पांढरी चादर आणली होती. ती धरायला कोणी तयार होईना. सगळ्यांना फोटोत यायचं होतं. बिरजूभाऊ मंडप बांधायला आले होते, ते म्हणाले, "आण, मी धरतो." त्यांच्या अंगात लाल शर्ट आणि डोक्याला पिवळा दुपट्टा होता. जेवणाची पंगत बसेपर्यंत ते माझ्या डाव्या हाताला उभे होते. मी मागे सरकले की तेही चादर घेऊन मागे, मी पुढे गेले की तेही पुढे. पाहुण्यांकडची एक बाई म्हणाली, "फोटो काढून राह्यले का नाचून राह्यले?"

पंगत उठल्यावर बोकड दिसेना. झालं! नवसाचा बोकड साक्षगंधाच्याच दिवशी गेला म्हणून हेमराजभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. पाहुण्यांसमोर कोणालातरी पकडणं भाग होतं. त्यांनी माझ्याकडून फोटो मागून घेतले आणि मोबाईलवर मोठे करून पाहिले. एका फोटोत दीपिका छान हसते आहे आणि तिच्या मागे दोन गोळे आहेत, एक लाल, एक तपकिरी.

हेमराजभाऊ म्हणाले, "हा पाह्य, लाल. बिरजूचा शर्ट लाल. आन् हा तपकिरी, माहा बोकड."

मी म्हटलं, "भाऊ, मंग शिंगं कुठी आहेत?"

"ते तुह्या लेन्सनं खाल्ले."

मी म्हटलं, "बिरजूभाऊ माह्यापाशी चादर धरून उभे होते, साऱ्या मंडपानं पाह्यलं."

त्यावर साऱ्या मंडपानं खाली पाहिलं. तंटामुक्तीच्या अध्यक्षाशी तंटा कोण घेईल? निवडणुकीत ह्याच लोकांची तोंडं कावळ्यासारखी चालतात.

हेमराजभाऊंनी तक्रार दिली आणि बिरजूभाऊंना ठाण्यात नेलं, म्हणून काल सकाळी मी हेमराजभाऊंच्या अंगणात त्याच जागी उभी राहिले. लेन्सचा आकडा पहिल्यांदाच हलवून ८ वर नेला आणि तिकडेच तोंड करून फोटो काढला. त्यात मागचंही साफ आलं. लाल गोळा म्हणजे भाड्यानं आणलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची थप्पी. तपकिरी गोळा म्हणजे तुसाचं पोतं. दोन्ही अजून तिथंच आहेत, पळून गेलेली नाहीत. हेमराजभाऊ म्हणाले, खुर्च्या मागाहून ठेवल्या असतील. हा फोटो आज मी इथं ठाणेदारसाहेबांनाही दाखवला. साहेबांनी विचारलं, बिरजू तुमच्याजवळ होता तर एकाही फोटोत कसा नाही? मी म्हटलं, साहेब, चादर धरणारा फोटोत आला तर त्याला फोटो बिघडला म्हणतात.

मग मी म्हटलं, नवरीच्या मागचं पुष्कळ पाहून झालं, आता नवरीचा डोळा पाहा. शिकताना सगळ्यात आधी हेच शिकवतात, नेम डोळ्यावर धरायचा. मी गोळे कितीही काढले तरी डोळा चुकवत नाही. साहेबांनी दीपिकाचा तोच फोटो कॉम्प्युटरवर लावून डोळा मोठा केला. बुबुळात एक पांढरा चौकोन दिसला, ती चादर. चादर धरून लाल शर्टाचा, पिवळा दुपट्टा बांधलेला माणूस उभा आहे. त्याच्या बाजूला तोंडासमोर कॅमेरा धरलेली बाई आहे, ती मी. म्हणजे हेमराजभाऊंचं खरं धरलं तर एकाच फोटोत बिरजूभाऊ मागे बोकड ओढत आहेत आणि समोर चादरही धरून आहेत. असा माणूस खरंच असेल तर त्याला बाकावर बसवू नका, सरकारी नोकरीत घ्या. हेमराजभाऊ तिथंच हजर होते. ते चप्पल शोधू लागले. मी त्यांना ओळखते तेव्हापासून तंटा अर्धवट सोडून ते पहिल्यांदाच निघाले.

साहेबांनी बिरजूभाऊंना टेबलापाशी बोलावलं आणि ओळखता का म्हणून विचारलं. ते वाकून पाहू लागले.

"मीच हाव का हा, साधना?"

"तुम्हीच, भाऊ."

"एवढ्या कार्यक्रमात माहा एकच फोटो निघाला," ते म्हणाले. "हा कागदावर काढून देजो. नीलाबाई कालपासून घरात रडून राह्यली. तिले दाखवतो, मी काम करून राह्यलो होतो म्हणून."

तेव्हा मला रडू आलं आणि रागही आला. हे लिहू नका, असं मी सांगितलं होतं. हवालदारसाहेबांनी नेमकं तेवढंच न चुकता लिहिलं आहे.

बोकडाविषयी विचारलं असता, मला काही माहिती नाही. तो देवाच्या नावानं सोडलेला आहे, चौकशी तिकडे करावी.

वरील मजकूर मला मोठ्यानं वाचून दाखवला. मी सांगितला तसाच आहे आणि खरा आहे. बिरजूभाऊंनाही तो ऐकवावा असं मी म्हटलं होतं, पण साहेबांनी त्यांना सोडलं होतं आणि वाचणं सुरू झालं तेव्हा ते घरी निघून गेले होते.

जबाब देणार,
साधना श्रीहरी निकुरे