वाटीखाली पाच पंजे

आमच्या सासूबाईंचा खोटं बोलण्यात हात धरणारं अख्ख्या हिंगणघाटात कोणी नव्हतं. खेळात, हं! पाच फासे वाटीत खुळखुळवायचे, वाटी पालथी घालायची, आपल्यापुरतं डोकावायचं आणि पत्त्यांसारखा डाव सांगायचा: जोडी, तीन सारखे, पाच सारखे. थाप वाटली तर समोरच्यानं वाटी उचलायची; सांगितल्याहून कमी निघालं तर सांगणारा हरला, नाहीतर उचलणारा. आईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलायची नाही.

एकदा त्या म्हणाल्या, "तीन पंजे." मी वाटी उचलली, तर पाचही पंजे! पाच सारख्यांच्या वर डावच नाही. मी हरले ते बाजूलाच राहिलं.

"आई, पाच असताना तीनच काऊन सांगितले?"

त्यांनी फाशांवरून बोट फिरवलं. "पाच हायेत का?"

"तुम्हाले दिसत नाई?"

"दिवाळीपासून नाई. पण तुमी सगळे मजेत बसता. म्हटलं, खेळ काऊन मोडू?"

मोतीबिंदू निघाला, ऑपरेशन झालं. आता त्या वाटीखाली डोकावल्या की सगळा डाव चेहऱ्यावर उमटतो. रोज हरतात. काल त्यांची थाप सरळ कळली, तरी मी वाटी उचललीच नाही.

तर म्हणाल्या, "उचल बाई. आता मले तुझा चेहराबी दिसते."