डावा कान

साताऱ्याहून सांगलीला निघालेल्या एसटीत संयोगिताबाई ताठ बसल्या होत्या. परक्यांचे बोलणे ऐकणे त्यांना शोभेसे वाटत नसे. परंतु पुढच्या बाकावरच्या मायलेकींना हळू बोलणे जमतच नव्हते.

"कॉलेजात प्रत्येकीनं घरच्या एका माणसाचे कान तपासायचे होते, म्हणून तुला नेलं, आई. असं निघेल हे मला काय ठाऊक!"

"त्या बंद खोलीत शिट्टी ऐकू आली की बटण दाबलं की मी."

"उजव्या कानाला दाबलंस. डाव्याला मी आवाज वाढवत गेले, तू नुसती बसून होतीस."

"ल्हानपणी ताप आलता."

"पडद्याला भोक आहे. मॅडम म्हणाल्या, समोरच्याचा उजवा हात डाव्याच कानावर बसतो."

"तुज्या मॅडमला लय कळतंय! नवरा न्हाई वाटतं तिला?"

"अहवालात कारण लिहायचंय. उद्या सगळ्यांसमोर वाचायचंय."

"ताप लिही."

"खोटं लिहून शिकू मी?"

"तुजं नाव कालेजात घालायचं मी म्हणाले, तवाच बसली ती चपराक. आता शीक गपगुमान."

मग लेकीने मांडीवरच्या कागदावर 'ताप' लिहिले. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबांचा आहे."

आईने पदर सारून फोन डाव्या कानाला लावला.

"आई, तो कान..."

"ठावं हाय. त्यांचं बोलणं मी ह्याच कानानं ऐकती. ...आवं, व्हय, व्हय. ऐकतीया न्हवं मी!"