शिबिरातले डॉक्टर

सरकारी दवाखान्याच्या पडवीत बाकावर सात माणसं होती, खाली चार, आणि आत डॉक्टरांची खुर्ची रिकामी होती. साळूबाई तापलेल्या नातीला मांडीवर घेऊन दाराशी बसली होती. आत सिस्टर आणि कंपाउंडर रज्जाकभाई बोलत होते.

"नगरच्या शिबिरात काय शिकवलं, सिस्टर?"

"सगळ्यांनी मिळून काम कसं करायचं ते. कामं बदलून दाखवायची होती. आपले डॉक्टर झाले नर्स, मी डॉक्टर."

"मग?"

"मी तासभर उशिरा गेले आणि पेशंटकडं न बघता चिठ्ठी लिहिली. शिकवणाऱ्या साहेबांनी पहिला नंबर दिला."

"आणि डॉक्टर?"

"नर्स होऊन खुर्चीत बसले आणि म्हणाले, सिस्टर कुठंय?"

साळूबाई उठून दारात आली.

"बाई, डॉक्टर कवा येत्याल? पोरगी लई तापलीया. आई हिची दुष्काळी कामावर हाय."

"नगरला गेलेत, आजी. मिळून काम करण्यावर त्यांचं भाषण आहे."

"मंग औषध तुमीच द्या की."

"कपाटाची किल्ली त्यांच्या खिशात आहे."

"रज्जाकभाई, तुमी?"

"मी नुसत्या पुड्या बांधतो, आजी."

"शिबिरात तर बाई डॉक्टर झाल्या हुत्या न्हवं?"

सिस्टरांनी थर्मामीटर झटकला आणि पोरीच्या काखेत धरला. तीन मिनिटांनी पारा एकशे चारवर होता.